जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी : तपासण्यांविषयी चार शब्द

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रारंभीच एक क्षमायाचना करणे आम्हांस अवश्य वाटते. आमचे बोलणे आज पूर्वीइतके स्पष्ट राहिलेले नाही. ज्या तोंडाने ३६ वर्षे वर्गात कविता शिकविल्या आणि पाढे म्हणवून घेतले, त्या तोंडाचा खालचा डावा जबडा २०२२ साली शल्यवैद्यांनी काढून टाकला आणि त्या जागी आमच्याच पायाचे हाड बसविले. तेव्हापासून प, फ, ब ही अक्षरे आमची परीक्षा पाहतात. मागे बसलेल्या मंडळींना एखादा शब्द कळला नाही तर त्यांनी हात वर करावा. आम्ही तो पुन्हा सांगू. ही सवय आमची जुनीच आहे.

चिटणीसांनी आम्हांस व्यसनमुक्तीवर बोलावे असे सुचविले होते. त्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कितपत आहे, हे पुढे आपल्या ध्यानात येईलच. आम्ही त्याहून लहान पण अधिक उपयोगाचा विषय निवडला आहे. जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात ज्या तपासण्या होतात, त्या कशासाठी असतात आणि त्यांत काय सोसावे लागते, एवढेच आज सांगावयाचे आहे. जबड्याची शस्त्रक्रिया कोणाची अपघातामुळे होते, तर कोणाचे वरचे व खालचे दात जुळत नाहीत म्हणून होते. परंतु आपल्याकडे पुष्कळांवर ही वेळ तंबाखू व सुपारी यांनी जडलेल्या कर्करोगामुळे येते. आमचीही गोष्ट तीच असल्यामुळे आम्ही मुख्यतः तिच्याविषयी बोलणार आहोत.

आमच्याबरोबर त्याच रुग्णालयाच्या रांगेत आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ होते. वयाने आमच्याहून लहान आणि अंगाने धट्टेकट्टे. त्यांच्याही हिरडीवर आमच्यासारखीच जखम होती. आठ दिवस ते आमच्यासमवेत या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडले. नवव्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, हे नुसते कागद रंगवताहेत. रोग तोंडात, आणि हे तपासतात काळीज! मी आपला गावी जातो." आणि ते गेले. आम्ही त्यांना अडविले नाही. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आमच्याही मनात तेच होते. परतीच्या भाड्याचे पैसे चिरंजीवांच्या खिशात होते म्हणूनच आम्ही राहिलो. चार महिन्यांनी ते गृहस्थ परत आले तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. ते आज आपल्यात नाहीत. त्यांच्या मुलाच्या अनुमतीनेच आम्ही हे सांगत आहोत. तो मुलगा आम्हांस म्हणाला, "काका, त्या तपासण्या कशाला होत्या एवढे जरी कोणी बाबांना समजावले असते, तरी ते थांबले असते." आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला आम्ही उशिरा दिलेले उत्तर होय.

तपासण्यांची ती लांबलचक यादी पाहून सामान्य माणूस गांगरून जातो. आम्हीही गांगरलो होतो. पुढे विचार करता असे दिसून आले की, त्या साऱ्या यादीच्या मुळाशी तीनच प्रश्न असतात. पहिला, रोग कोणता व तो कोठवर पोहोचला आहे? दुसरा, या माणसाचे शरीर भूल आणि दीर्घ शस्त्रक्रिया सोसू शकेल काय? आणि तिसरा, जो भाग काढावयाचा त्याच्या जागी काय बसवावयाचे? हातातील चिठ्ठी या तिहींपैकी कोणत्या प्रश्नाची आहे, हे रुग्णास कळले म्हणजे अर्धी भीती तेथेच ओसरते.

प्रथम पहिल्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर बायॉप्सीवाचून मिळत नाही. जखमेची जागा इंजेक्शनाने बधिर करून तिचा एक लहानसा तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इंजेक्शनाची सुई बोचते. तुकडा काढताना ओढल्यासारखे वाटते, परंतु वेदना होत नाही. त्या दिवशी तिखट व फार गरम पदार्थ खाऊ नयेत. अहवाल यावयास काही दिवस लागतात. येथे एका भ्रमाचा परिहार केला पाहिजे. सुरी लागली की रोग चवताळतो आणि अंगभर पसरतो, असे आपल्याकडे वडीलधारी माणसेही छातीठोकपणे सांगतात. आमचे पाच महिने याच वाक्याने खाल्ले. वस्तुतः रोग पसरतो तो तुकडा काढल्याने नव्हे, तर तो न काढता बसून राहिल्याने. बायॉप्सीनंतर पुढील उपचार न घेता घरी गेलेल्या माणसाचा रोग वाढतो आणि त्याचा दोष सुरीवर येतो, हीच त्या समजुतीची उपपत्ती आहे.

त्यानंतर छायाचित्रे. विल्हेल्म रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, हे आम्ही मुलांना शिकवीत असू. त्याच किरणांनी संपूर्ण जबड्याचे एकच सलग चित्र घेणाऱ्या तपासणीस ओपीजी म्हणतात. हनुवटी एका आधारावर टेकवून व समोरच्या दातांत एक लहान खुंटी धरून स्तब्ध उभे राहावयाचे. यंत्र डोक्याभोवती फिरते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सारे आटोपते. भगिनींनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्णफुले, नथ, गळ्यातील मंगळसूत्र हे सर्व त्या वेळी काढून ठेवावे लागते. सौभाग्यालंकार उतरवावयास पुष्कळजणी कचरतात. परंतु धातूची छाया चित्रावर पांढरी उमटते आणि रोगाची जागा नेमकी तिच्याआड दडू शकते. कवळीही काढून ठेवावी.

सीटी स्कॅन ही याच विद्येची पुढची पायरी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले आणि १९७९ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. एका रुंद कड्यासारख्या यंत्रातून आपले अंथरूण सरकते आणि शरीराचे पापुद्र्यापापुद्र्यांनी चित्रण होते. शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात, त्या वेळी सर्वांगात एकदम ऊब पसरते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. आम्ही तर शरमेने धोतर चाचपून पाहिले होते! तसे काही झालेले नसते. क्षणभरात ते ओसरते. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल किंवा दम लागला असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून स्कॅनपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. आम्हांस आणखी एक गंमत वाटली. तंत्रज्ञ म्हणाले, "गुरुजी, गाल फुगवून धरा." या वयात हा पोरखेळ कशाला, असे मनात आले. त्यांनी समजाविले की, गाल व हिरडी एरवी एकमेकांस चिकटलेली असतात. मध्ये हवा भरली म्हणजे रोग गालाचा की हिरडीचा, हे वेगळे दिसते.

काही रुग्णांस एमआरआयही करावा लागतो. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबक असतो. हाडातील मगज, जीभ व मज्जातंतू त्यात अधिक स्पष्ट दिसतात. नळीसारख्या जागेत अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते आणि यंत्र हातोडे मारल्यासारखा आवाज करते. कानांत बोळे देतात, हातात एक घंटी देतात. घाबरल्यास ती दाबावी. हृदयात पेसमेकर किंवा शरीरात कोठेही धातू बसविलेला असल्यास तसे आत जाण्यापूर्वी सांगावे. याखेरीज मानेतील गाठी चाचपून व सोनोग्राफीने पाहतात, जरूर पडल्यास बारीक सुईने त्यांतील पाणी व पेशी काढतात. आणि रोग फुप्फुसांपर्यंत गेला आहे काय, हे छातीच्या चित्रावरून पाहतात.

आता दुसरा प्रश्न. आमच्या त्या दिवंगत मित्रास रोग तोंडात असता काळीज का तपासतात, हे कळले नाही. त्याचे उत्तर येथे आहे. जबडा काढून नवा बसविण्याची शस्त्रक्रिया आठ-दहा तासही चालते. तितका वेळ भुलेखाली हृदयाने व फुप्फुसांनी आपले काम बिनतक्रार केले पाहिजे. म्हणून ईसीजी काढतात. छातीवर व हातापायांवर चकत्या लावतात, त्यांना झटका बसत नाही. गरज वाटल्यास टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चलच्चित्र पाहतात. नळीत जोराने फुंकावयास लावून फुप्फुसांचा दम मोजतात.

रक्त मात्र पुष्कळ वेळा घेतात, आणि रक्त आटेल या भीतीने आपली माणसे हळहळतात. एका वेळी घेतलेले रक्त चार-दोन चमच्यांहून अधिक नसते. त्यातून हिमोग्लोबिन, रक्त गोठण्याची शक्ती, मूत्रपिंडांचे व यकृताचे कार्य, कावीळ व एचआयव्ही यांचा संसर्ग, आणि साखर ही सर्व पाहिली जातात. साखरेच्या बाबतीत एक मौज सांगतो. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड वर्ज्य करून पुष्कळ मंडळी शहाणपणा मिरवितात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याचीच ही युक्ती. परंतु एचबीए-वन-सी नावाची जी तपासणी आहे ती मागील तीन महिन्यांची सरासरी सांगते. कारण तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि तेवढ्या काळातील साखरेची खूण त्या अंगावर बाळगतात. साखर वाढलेली असेल तर जखम भरून येत नाही, म्हणून वैद्य ती आधी आटोक्यात आणतात. यात काही दिवस गेले तर ते वाया गेले असे मानू नये.

रक्तगटाचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली जगापुढे मांडला, आणि १९५२ साली आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी एक अति दुर्मिळ रक्तगट प्रथम वर्णिला. तो आजही 'बॉम्बे' याच नावाने जगभर ओळखला जातो. त्या गटाच्या माणसास त्याच गटाचे रक्त चालते. दुसरे चालत नाही. साध्या तपासणीत तो 'ओ' गटासारखाच दिसतो. म्हणून, "माझा गट मला पाठ आहे, पुन्हा कशाला पाहता?" असा वाद रुग्णालयात घालू नये. दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी प्रत्यक्ष ताडून पाहणे, यातच त्याच्या जीविताचे रक्षण आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचा शेवटचा परीक्षक म्हणजे भूलतज्ज्ञ. त्यांनी आम्हांस तोंड उघडावयास सांगून त्यात आपली तीन बोटे उभी बसतात की नाही, हे पाहिले. गुटखा व सुपारी यांनी ज्यांचे तोंड आखडते, त्यांच्या तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत. अशा वेळी श्वासाची नळी कोठून घालावी, हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेत तोंड मोकळे हवे असते, म्हणून ती नळी बहुधा नाकातून घालतात. तोंड उघडत नसल्यास, रुग्ण जागा असतानाच नाक व घसा बधिर करून, दुर्बीण लावलेल्या लवचीक नळीने वाट काढतात. क्वचित गळ्याला तात्पुरते छिद्र पाडून श्वासाची सोय करावी लागते; त्या दिवसांत बोलता येत नाही. आम्ही त्यासाठी पाटी व पेन्सिल नेली होती. परिचारिकांनी ती फारच वाखाणली.

येथेच ती गोष्ट घडली, जी सांगावयास आम्हांस आजही संकोच होतो. भूलतज्ज्ञांनी विचारले, "तंबाखू?" चिरंजीव शेजारी उभे होते. आम्ही म्हणालो, "नाही." सज्जनहो, २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली तेव्हा आमच्या शाळेची जी प्रभातफेरी निघाली, तिच्या अग्रभागी घोषणा देणारे आम्हीच होतो, आणि त्या वेळी आमच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी होती. ३५ वर्षे आम्ही ही चिमूट विद्यार्थ्यांपासून व मुलापासून लपविली. डॉक्टरांनी आमच्या दातांकडे पाहिले आणि काहीच न बोलता लेखणी थांबविली. तेव्हा मागे बाकावर बसलेले आमचे कुटुंब उठून पुढे आले. आमच्या समोर चारचौघांत कधी शब्द न काढणारी ती बाई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, यांची चिमूट आणि माझी मिश्री, दोन्ही लिहून घ्या." चिरंजीवांनी मान खाली घातली. आमच्या आयुष्यातील सर्वांत कठीण तपासणी ती होती, आणि तीत आम्ही अनुत्तीर्ण झालो; उत्तीर्ण झाली ती आमची पत्नी.

म्हणून हात जोडून विनंती आहे की, वैद्यापुढे काही लपवू नये. तंबाखू, मद्य, पूर्वीची आजारपणे, पूर्वी भुलेने झालेला त्रास, हलणारा दात, सर्व सांगावे. चालू असलेल्या गोळ्यांची वेष्टने बरोबर न्यावीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि चालू असल्याचे दडवूही नये. ती कधी थांबवावयाची हे वैद्य ठरवितात. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन घेणाऱ्या वृद्ध भगिनींनी तर ते आवर्जून सांगावे, कारण त्यांतील काही औषधांनी जबड्याचे हाड भरून येण्यास अडथळा होतो. काढे, भस्मे, झाडपाला हीदेखील औषधेच होत, त्यांचाही उल्लेख करावा.

तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडक्यात सांगतो. नवा जबडा करण्यास पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड घेतात. शरीराचा भार मुख्यत्वे शेजारचे जाड हाड वाहते, त्यामुळे ते काढल्यावरही चालता येते. या पद्धतीने जबडा घडविण्याचे काम १९८९ साली अमेरिकेत डेव्हिड हिडाल्गो यांनी प्रसिद्ध केले. हाडाबरोबर त्याची रक्तवाहिनीही काढून मानेतील रक्तवाहिनीस जोडतात. परंतु काही माणसांच्या पावलाला मुख्य रक्तपुरवठा त्याच वाहिनीने होत असतो. तिला हात लावला तर पाऊल धोक्यात येईल. म्हणून जबड्याच्या रुग्णाचे पाय तपासतात. आमच्या पायांची ती तपासणी चालली असता एका नातलगाने, "कागद बदलले वाटते!" असे म्हणून आम्हांस हसविले होते. दंतवैद्यही याच सुमारास पाहतात. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागण्याचा संभव असल्यास किडलेले दात आधीच काढतात, कारण किरण लागलेल्या जबड्यातून पुढे दात काढणे धोक्याचे असते, तेथील हाड सडू शकते.

शस्त्रक्रियेच्या पूर्वरात्रीची सूचना सर्वांत साधी आणि सर्वांत अधिक मोडली जाणारी आहे. सर्वसाधारणपणे सहा तास आधी अन्न बंद आणि दोन तास आधी पाणीही बंद. नेमकी वेळ आपले वैद्य सांगतील ती. दुधाचा चहा हा पाण्यात नव्हे, अन्नात मोडतो. आमच्या शेजारच्या खाटेवरील वृद्धास त्याच्या मुलीने पहाटे मायेने कपभर चहा पाजला. भुलेखाली पोटातील ते द्रव्य उलटून फुप्फुसात गेले असते तर प्राणावर बेतले असते. म्हणून त्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि ती मुलगी दिवसभर रडत बसली. माया करावी, पण वैद्यास विचारून करावी.

आता समारोपाकडे वळतो. या सर्व खटाटोपास आम्हांस १६ दिवस लागले. ते उपचारापूर्वीचे दिवस नव्हते, उपचाराचाच पहिला भाग होता, असे आमचे आता ठाम मत झाले आहे. आपल्या संस्थेने याबाबत दोन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याचे पुण्यकार्य आपण करीतच आहोत. त्याबरोबरच जबड्याच्या किंवा अन्य मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शहरात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास एक माहीतगार सोबती द्यावा. कागदांची पिशवी नीट लावणे, प्रत्येक अहवालाची एक प्रत घरी ठेवणे, रक्तदाते जमविणे, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळू शकतो काय याची शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन चौकशी करणे, एवढे त्याने केले तरी पुष्कळ आहे. आणि नवव्या दिवशी जो गावी जावयास निघेल, त्याचा हात त्याने धरावा. या कामी पहिले नाव आमचे लिहून घ्यावे. आम्ही तो हात एकदा धरला नाही, तो पुन्हा सोडणार नाही.

दुसरी गोष्ट प्रत्येकाने आज रात्री घरी करावयाची आहे. आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहावे. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हलू लागलेला दात, किंवा स्वतःची तीन बोटे न मावणारे तोंड, यांपैकी काहीही आढळल्यास सणवार संपण्याची वाट न पाहता वैद्यास दाखवावे. त्याच दिवशी डॉक्टरांनी आमच्या कुटुंबाचेही तोंड पाहिले होते. आत एक पांढरा चट्टा निघाला. त्याचा तुकडा तपासला. कर्करोग निघाला नाही. ती आता दर सहा महिन्यांनी दाखवावयास जाते. मिश्रीच्या डबीत हल्ली सुया आणि दोरे असतात.

 इत्यलम्.